जुनी पिकअप घ्यायची आहे, कोणी जाणकार?

निलेश, बी-203: नमस्कार मंडळी. मार्चच्या आधी एक जुनी पिकअप घ्यायची आहे. कुलरचा सीझन लागला की रोज भाड्याची गाडी बोलवावी लागते, मागच्या उन्हाळ्यात अर्धी कमाई भाड्यातच गेली. बजेट चार, ताणून साडेचार. वाडीला एक बोलेरो पिकअप पाहून ठेवली आहे. 2018 ची पासिंग, मीटरवर 62 हजार. कोणाला अनुभव?

सुमित, ए-401: 62 हजार? मालवाहू गाडी? माझी ॲक्टिव्हा याच्या जवळपास आली आहे भाऊ.

प्रमोद काका, ए-102: मीटरले नको विचारू, क्लचच्या पॅडलले विचार. पॅडलचं रबर घासून गुळगुळीत झालं असन, ड्रायव्हरची सीट दारापाशी दबली असन, तर मीटर कोणीतरी मागं नेलं आहे.

राजू, सी-301: कुलर म्हणजे हवाच वाहायची. वजन काहीच नाही, जागा मात्र जास्त. छोटा हत्ती (टाटा एस) घे ना, दीड लाख वाचतील.

निलेश, बी-203: गावातल्या गावात असतं तर घेतला असता. पण भंडारा, उमरेड, वर्धा, तिन्हीकडे माल जातो. दोन सिलिंडरचं 702 सीसी इंजिन, वर्धा रोडला मागून ट्रेलर हॉर्न मारत राहतात. एकदा बसलो आहे, पुरे.

सेक्रेटरी, बी-101: पिवळ्या नंबर प्लेटची गाडी पार्किंगमध्ये लावायची असेल तर आधी मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल.

निलेश, बी-203: सर, मानेवाड्याच्या गोडाऊनलाच उभी राहील.

प्रमोद काका, ए-102: निलेश, मॉडेल अन् साल नंतर. आधी हे विचार का गाडी वाहत काय होती. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या पोटाखाली काढली, म्हणून सांगून राहिलो. विटा, गिट्टी, रेती वाहिलेली गाडी स्वस्तात देत असन तरी घेजो नको. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरतात. स्प्रिंगचे पाटे सरळ होऊन जातात, मागच्या ॲक्सलच्या वर चेसिसले केसाएवढी भेग जाते. मग तिच्यावर पट्टी वेल्ड करतात अन् काळा रंग मारतात. टॉर्च घेऊन खाली झोपजो. बाकी चेसिसवर धूळ आहे अन् एका हातभर जागेत नवा काळा रंग चमकून राहिला, तर उठून कपडे झटक अन् घरी ये.
मासळीची गाडीही नको. बर्फाचं पाणी हौद्याच्या फटीतून झिरपते, चेसिस गंजते. पाण्याच्या जारवाल्याचं तेच, जरा हळू. काटोल-वरुडकडून कळमन्याच्या मार्केटले संत्रा आणणारी गाडी सीझनमध्ये जोरात चालते, मग उभी राहते. तिचे टायर अन् बॅटरी पाहजो. माझ्या मतानं सगळ्यात चांगली ब्रेड-बिस्किटवाल्याची. माल हलका, रस्ता रोजचा, हौदा कोरडा. किलोमीटर जास्त दिसले तरी भिऊ नको.

राजू, सी-301: काका, हे तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं? माझ्या भावानं वीटभट्टीवाल्याचीच घेतली.

प्रमोद काका, ए-102: विचारलं कोणी?

सुमित, ए-401: पुराचंही बघ रे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमची कार सासऱ्यांच्या दारात स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. विमावाल्यांनी टोटल लॉस धरली. दीड वर्षाने तीच गाडी धुऊन पुसून दुसऱ्याच्या दारात दिसली. बंपरवरचा ओरखडा मीच काढलेला, ओळखू कसा नाही येणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, गाळाची रेघ टोकाला राहते. सीटखालचा जॅक पण काढून बघ.

वंदना ताई, सी-202: कागदांचं मी सांगते. एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाक. मालक कितवा, विमा, फिटनेस कधीपर्यंत, कर्ज चढलेलं आहे का, सगळं दिसतं. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी, तो खर्च धरून चाल. ई-चलान वेगळं तपास. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचं कर्ज उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.
मुख्य म्हणजे विकणारा आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का बघ. डीलरकडे पहिल्या मालकाच्या सह्या केलेले कोरे फॉर्म 29, 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) पडून असतात, मधल्या माणसांची नावं कागदावर येतच नाहीत. गाडी नावावर करायला तुला 30 दिवस, विमा 14 दिवसांत. टाळू नकोस. अपघात झाला तर कोर्ट आरसीवर नाव कोणाचं ते बघतं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. त्याला नसेल तर का नाही, ते शोध.

निलेश, बी-203: ताई, ड्रायव्हरकडे साधं कारचंच लायसन्स आहे. आणि परमिट?

वंदना ताई, सी-202: साडेसात टनांच्या आतली गाडी असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने तेच सांगितलं. परमिट आरसीवरच्या एकूण वजनावर. भरलेल्या गाडीचं 3000 किलोपर्यंत असेल तर लागत नाही. 1.7 टनवाली पिकअप त्याच्या वर जाते, तिला लागेल.

सेक्रेटरी, बी-101: टँकर गेटवर आला आहे. बी विंगसमोरच्या गाड्या काढा.

*दुसऱ्या दिवशी*

निलेश, बी-203: वाडीवाली सोडली. काका, इंजिन थंड असताना पाहावं म्हणून सकाळी साडेसातला पोहोचलो, न सांगता. तरी बोनेट गरम! म्हणे आत्ताच पेट्रोल पंपावर जाऊन आलो.

प्रमोद काका, ए-102: थंडीत उचलत नसन, म्हणून गरम करून ठेवली. ऑइलचं झाकण?

निलेश, बी-203: उघडून उलटं ठेवलं, चालू इंजिनवर. नाचत नाचत खाली पडलं. डिपस्टिकच्या नळीतून फक फक धूर.

प्रमोद काका, ए-102: बॅक कॉम्प्रेशन मारून राहिली, म्हणजे इंजिनातला दाब खाली गळून राहिला. इंजिन बांधायले आलं. वाचलास.

निलेश, बी-203: मग कामठी रोडला दुसरी पाहिली. 2019 ची, बेकरीवाल्याची, 1 लाख 38 हजार. तो 4 लाख 80 म्हणतो. थंड इंजिन, अर्ध्या सेल्फमध्ये चालू. झाकण हललं नाही. हौद्याच्या कोपऱ्यात अजून मैदा आहे. मागचे दोन टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), दुसऱ्या गिअरला थोडी किरकिर, फाळक्याची एक कडी तुटलेली.

प्रमोद काका, ए-102: किरकिर गाडी उतारावर असताना का चढावर?

निलेश, बी-203: गिअर टाकताना फक्त. चालताना नाही.

प्रमोद काका, ए-102: मग गिअरबॉक्समधली सिंक्रो रिंग घासली. पंधरा हजार धर. टायरचे वेगळे. दोन्ही दाखवून 4 लाख 40 वर ये, चाळीस हजार कमी करण्यासारखी गोष्ट तुझ्या हातात आहे. मैद्याचं बोलू नको, तो तुझ्या फायद्याचा आहे.

निलेश, बी-203: 4 लाख 45 ला ठरली. कर्ज फिटलेलं, एनओसी दाखवली. उद्या दहा हजार इसार देतो.

वंदना ताई, सी-202: आरसीवरची एचपी (कर्जाची नोंद) मात्र उतरवून घे. नुसती एनओसी दाखवली म्हणजे कागदावरून नाव गेलं असं नाही.

प्रमोद काका, ए-102: अन् इसाराच्या पावतीवर चेसिस नंबरही लिहून घेजो, नुसता गाडी नंबर नको. कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढ, आरसीशी जुळव. सकाळी मी येतो. जुनं पांघरूण घे सोबत, खाली झोपावं लागन.