ओटीटीचं लॉगिन आईवडिलांच्या मोबाइल नंबरवर ठेवावं की ईमेलवर?

सांगलीकर
आईबाबांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन काल नव्यानं घेतलं. या वेळी मोबाइल नंबर न देता ईमेल आणि पासवर्ड ठेवला, तर बहीण चिडली, "कशाला त्यांचा त्रास वाढवतोस?" कारण सांगतो. आधीचं खातं बाबांच्या नंबरवर होतं आणि पुण्यात मीही तेच वापरायचो. लॉगआउट झालं की फोन करायचा, "बाबा, आकडे सांगा." गेल्या महिन्यात बँकेच्या नावानं कुणाचा तरी फोन आला आणि बाबा तसेच आकडे वाचायला लागले. आईनं फोन हिसकावला म्हणून पैसे वाचले. ओटीपी कुणालाही देऊ नका, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. तो देण्याची सवय त्यांना मी लावली. माझं ठाम मत, म्हाताऱ्या माणसांच्या घरात ओटीपीचं लॉगिन नको.

गोदाकाठ
अजिबात पटलं नाही. एक खातं दोन घरांत वापरलंत, तिथे चुकलं. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. स्वतःचा नंबर तोंडपाठ, ओटीपी त्यांच्याच हातातल्या फोनवर येतो, त्या स्वतः टाकतात. ईमेल मोबाइलच्या दुकानदारानं काढून दिलेला, त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आणि रिमोटनं एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकून बघा एकदा! त्या बाईंना मालिका बघायला दर वेळी माझी वाट बघायला लागावी, हे मला मान्य नाही.

सांगलीकर
टीव्हीवर क्यूआर येतो, तो फोननं स्कॅन केला की रिमोटला हात लावावा लागत नाही. पासवर्ड फोनवर एकदाच टाकायचा.

दापोली_ते_दादर
नंबर कायम आपला राहतो, हे दोघांनीही गृहीत धरलंय. गावाकडचं प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बंद नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत, असं ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, तिथे सांगितलं. आपल्या माहितीची काळजी आधीच्या ग्राहकानंच घ्यायची, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. म्हणजे नंबर सोडण्याआधी खात्यावरून तो काढणं आपल्यावर आलं. माझ्या मामीनं काढला नाही. नव्या माणसानं नंबर टाकला, ओटीपी त्याला आला, खातं उघडलं.

गोदाकाठ
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. सासूबाईंचं रिचार्ज मीच करते, तारीख चुकवणार नाही. पण सांगलीकर, ईमेलचा पासवर्ड विसरला तर कोड कुठे येणार? बाबांच्याच सिमवर ना?

सांगलीकर
हो, तिथेच. पण तो वर्षातून एखादे वेळी, आणि तेव्हा मी शेजारी बसलेला असेन. फोनवर विचारणार नाही.

मस्कतहून
आमच्याकडे भारतातलं सिम कधी चालू, कधी बंद. आम्हाला ईमेलशिवाय गत्यंतर नाही. फक्त सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका. एका ठिकाणचा फुटला की बाकीची दारंही उघडतात.

गोदाकाठ
तेच म्हणते मी. वेगवेगळे पासवर्ड त्या वयात लक्षात कसे राहणार?

सांगलीकर
आईनं किराणाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय. ती वही घराबाहेर जात नाही, आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. बाबांना एवढंच सांगितलंय, फोनवर आकडे मागणारा मी असलो तरी ठेवून द्या.