मदत हवी आहे: म्हातारा कुत्रा, श्वासाची घरघर

गवतफूल
आमच्या भुऱ्याला बरेच दिवस श्वासाचा त्रास होतोय. जरा चालला की धाप लागते, आणि रात्री घरघर इतकी की पलीकडच्या खोलीत ऐकू येते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, काडीचा फरक नाही. काय करू? प्लीज लवकर सांगा. ‘वय झालंय’ हे उत्तर नको, ते ऐकून झालंय.

उंबरठा
जात? वय? वजन? आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? खोकला आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

चकली_मास्तर
हृदय! आमच्या पॉमचं (पॉमेरेनियन कुत्रीचं) अगदी असंच होतं. झडप गळत होती, फुप्फुसात पाणी झालेलं. पिमोबेंडान हे हृदयाचं औषध आणि लघवीची गोळी सुरू केल्यावर मस्त खेळायला लागली. झोपेत श्वास मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला सतत ३० च्या वर जात असेल तर वाट बघू नका.

गवतफूल
लॅब (लॅब्रॅडॉर) आहे हो, १३ वर्षांचा. वजन जास्तच आहे. खोकला नाही. आवाज श्वास घेताना येतो. झोपेत मोजले, २२ भरले. त्या गोळीचा डोस किती?

उंबरठा
थांबा, डोस इथे विचारू नका. मास्तर, पॉमची गोळी लॅबला चालवायची का आता?
गवतफूल, भुंकणं घोगरं झालंय का? पाणी पिताना ठसका? मागचे पाय?

चकली_मास्तर
मी अनुभव सांगितला, प्रिस्क्रिप्शन नाही लिहिलं.

गवतफूल
घोगरं झालंय. ठसका रोजचाच. पाय लटपटतात, पण पायांचा इथे काय संबंध?

उंबरठा
तोच तर संबंध आहे. लॅरिंजियल पॅरालिसिस, म्हणजे स्वरयंत्राचा लकवा वाटतो, म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये नेहमीचा. श्वास घेताना स्वरयंत्राचं दार उघडायला हवं. नस कमजोर झाली की ते अर्धवट मिटलेलंच राहतं. पुष्कळदा त्याच नसांच्या आजारात मागचे पायही ढिले पडतात. हलकी भूल देऊन घसा बघतात तेव्हा नक्की कळतं. छातीचा एक्स-रेही काढून घ्या.
तोवर गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस लावा. उन्हात फिरवू नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. वाटच अरुंद असली की धापेनेच आणखी तापतो. हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या तर रात्र असो की पहाट, तडक दवाखाना.

सोनचाफा२
गरम पाण्याची वाफ द्या, आणि आपलं खोकल्याचं सिरप अर्धा चमचा. आमच्याकडे नेहमी देतो.

उंबरठा
कृपया नको!! वाफेच्या गरमीने धाप वाढेल. आणि माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधात पॅरासिटामॉल वगैरे असतं, ते कुत्र्याला विषारी ठरू शकतं.

रानवाट
आमच्या लॅबचं ऑपरेशन केलं होतं. स्वरयंत्राची एक बाजू ओढून कायमची उघडी शिवतात. घरघर लगेच थांबली.

चकली_मास्तर
आणि मग घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया, तो धोका जन्मभराचा. तेही सांगा की. १३ व्या वर्षी कशाला हाल?

रानवाट
आम्हाला धोका माहीत होता. गुदमरणं हे हाल नाहीत का?

मांजरप्रेमी
अवांतर: दात साफ केलेत का? तोंडाला वास येत असेल तर आधी तेच बघा.

गवतफूल
वास कुणी विचारलाय :( पट्टा काढलाय, उद्या सकाळी जातोय. या वयात भूल झेपेल का, एवढंच सांगा.

उंबरठा
आधी रक्त आणि हृदय तपासून तेच ठरवतील. आज रात्रीच्या घरघरीचा व्हिडिओ काढून न्या, आवाजासकट. दवाखान्याच्या टेबलावर ही मंडळी अगदी शहाण्यासारखा श्वास घेतात.

सोनचाफा२
हार्नेस कुठला चांगला? आमचा चावून टाकतो.