‘सर्वोत्तम एपिसोड’चा कागद बोर्डावरून काढा

देसाई सर (ए-३०२): सर्वांना नमस्कार. गणपतीत पार्किंगमध्ये पडद्यावर काय दाखवायचं याचा समितीनं पोल घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण निकालाला ‘आपल्या सोसायटीचे सर्वोत्तम जुने एपिसोड, क्रमवारीनुसार’ असं नाव देऊन बोर्डावर लावलंय. सीआयडी पहिला आणि मालगुडी डेजमधला स्वामी शेवटून दुसरा? ही क्रमवारी नव्हे. त्या तीन दिवसांत मोबाइल कुणाच्या हातात होता त्याची हजेरी आहे.

रोहित (सी-१०४): सर सकाळी सकाळी 😂 सीआयडी म्हणजे नाद खुळा. २००४ चा तो भाग, १११ मिनिटं, एक कट नाही. चुकलं की पहिल्यापासून. करून दाखवा म्हणावं कुणीतरी.

चौगुले काका (ए-१०१): पर्यायात दूरदर्शनचं जुनं चिमणराव-गुंड्याभाऊ नव्हतं.

शिंदे वहिनी (समिती): सर, पोल सगळ्यांना खुला होता. तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. तो कागद माझ्या मुलीनं रात्री जागून केलाय, एवढंच सांगते.

देसाई सर (ए-३०२): वहिनी, कागद सुबक आहे. आक्षेप मथळ्यावर आहे.

माने (बी-२०१): एक शंका. ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ चालू होतं. मी चार ठिकाणी टिचक्या मारल्या, चारही लागल्या.

शिंदे वहिनी (समिती): ते आपोआपच चालू असतं. मुद्दाम कुणी केलेलं नाही.

माने (बी-२०१): मुद्दाम कोण म्हणतंय? पण रोहितच्या घरचे पाच नंबर आहेत ग्रुपवर. आजींचाही. मत दिलेल्यांची नावं उघडून बघा, आजींनी सीआयडीला दिलंय. आजींना नीट दिसत नाही हो.

रोहित (सी-१०४): आजी रोज दुपारी सीआयडी ऐकते. ऐकते! तुमच्या ड्रायव्हरचा नंबर ग्रुपवर आहे त्याचं काय?

माने (बी-२०१): तो टँकरच्या वेळी घेतलाय. ठराव आहे.

सेक्रेटरी: टँकरचा विषय या ग्रुपवर नको 🙏

अनिकेत (बी-४०४): सरांचं बरोबर आहे, आणि हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. मी ‘डॉक्टर हू’ बघतो हे सगळ्यांना माहितीये (हो जोशी काका, तीच निळी पेटी). बीबीसीची कालप्रवासाची मालिका, १९६३ पासूनची. तिच्यावरच्या मासिकानं २००९ मध्ये वाचकांकडून तोवरच्या २०० कथांना गुण मागवले. पहिली आली १९८४ ची ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’. २०१४ ला परत मागवले, तर पहिली ‘द डे ऑफ द डॉक्टर’. ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पन्नाशीच्या सोहळ्याला नुकतीच लागलेली. अँड्रोझानी गेली चौथ्या नंबरवर. जुन्या कथेतलं एक दृश्यही मधल्या काळात बदललेलं नव्हतं.

जोशी काका (बी-१०३): आणि शेवटून पहिली?

अनिकेत (बी-४०४): तिथंच तर गंमत. दोन्ही वेळा तळाला ‘द ट्विन डिलेमा’. आणि ती अँड्रोझानी संपल्यावर पुढच्याच आठवड्यात सुरू झालेली! म्हणजे २००९ च्या यादीतली पहिली आणि दोनशेवी कथा टीव्हीवर एकामागोमाग लागली. टुकार काय यावर लोकांचं मत हलत नाही. भारी काय ते मात्र त्या वर्षीच्या हवेवर.

जोशी काका (बी-१०३): कोल्हापुरात ‘सर्वोत्तम मिसळ’चा पोल घ्या. ज्या दुकानासमोर रिक्षा स्टँड, ती जिंकणार. चव गेली तेल लावत.

रोहित (सी-१०४): काका, आणि मिसळीबरोबर पाव मागणाऱ्यांना मतदानाचा हक्क नको. ब्रेड म्हणजे ब्रेड. (माने काका पुण्याचे)

माने (बी-२०१): बावीस वर्षं झाली इथं येऊन. अजून पुण्याचाच?

जोशी काका (बी-१०३): पाव मागवता तोवर पुण्याचेच 😂

चौगुले काका (ए-१०१): पुन्हा सांगतो. चिमणराव यादीतच नव्हतं. नसलेल्याला मत द्यायचं कसं?

देसाई सर (ए-३०२): चौगुल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पर्याय कुणी ठरवले आणि मत कुणापर्यंत पोचलं, हे दोन प्रश्न आधी. वर्गात दरवर्षी सांगायचो ते इथं सांगतो. १९३६, अमेरिका. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा कौल घेतला. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं. निवडून आले रूझवेल्ट. लँडनना मिळाली फक्त दोन राज्यं. झालं असं की पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळेच. मतं कितीही वाढवा, चाळणीच तिरकी असेल तर उपयोग नाही. आपल्या ए विंगमधल्या किती ज्येष्ठांना पोल उघडता येतो?

कदम (सी-२०२): सर, आकड्यांवर विश्वास नसेल तर रामायणाचं काय? १६ एप्रिल २०२० ला एका दिवशी ७.७ कोटी लोकांनी बघितलं. दूरदर्शननंच जाहीर केलंय.

देसाई सर (ए-३०२): तो आकडा किती जणांनी पाहिलं याचा. कुठला भाग उत्तम रचलाय याचा नव्हे. लॉकडाऊन होता, सगळे घरात होते.

कदम (सी-२०२): रामायणाबद्दल जरा जपून बोलावं ही विनंती.

देसाई सर (ए-३०२): मी आकड्याबद्दल बोलतोय कदम. १९८७ ला रामायण आम्हीही टीव्हीला हार घालून पाहिलंय.

सेक्रेटरी: कृपया 🙏🙏

पूजा (सी-३०१): मी सी विंगची असून सरांच्या बाजूनं आहे. सिनेमा-मालिकांना गुण द्यायची ती आयएमडीबी साइटसुद्धा नुसती सरासरी दाखवत नाही. सगळ्या मतांना सारखं वजन देत नाही असं ते स्वतःच सांगतात, कारण टोळीनं येऊन एक किंवा दहा देणारे ढीगभर असतात. अजून एक. लांबलेल्या मालिकेच्या शेवटच्या सीझनला गुण देतं कोण? तिथपर्यंत टिकलेला माणूस. कंटाळलेले आधीच उठून गेलेत, त्यांचं मत त्या भागांना लागतच नाही. मग उतरणीला लागलेली मालिकापण कागदावर बरी दिसते.

रोहित (सी-१०४): पूजा ताई, विंग बदल तू 😂

अनिकेत (बी-४०४): आणि चौगुले काकांसाठी. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत ‘डॉक्टर हू’च्या टेपा पुसून टाकल्या, नव्वदहून जास्त भाग गायब झाले. त्यातली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ न बघताच चाहत्यांनी डोक्यावर घेतलेली. १९९२ मध्ये ती परत बघायला मिळाली आणि काहींचा चेहरा पडला. म्हणजे न दिसणाऱ्या भागाला एक तर काहीच मिळत नाही, नाही तर वाट्टेल तेवढं मिळतं.

चौगुले काका (ए-१०१): मी पाहिलंय. दादरला मावशीकडे होतो तेव्हा. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. गुंड्याभाऊ खोलीत शिरला की आधी त्याचा दंडुका दिसायचा. मावशी पोळी तव्यावर टाकून बाहेर यायची, जळायची ती.

माने (बी-२०१): काका, पण सोसायटीत आणखी किती जणांनी पाहिलंय ते?

चौगुले काका (ए-१०१): तेच तर म्हणतोय. यादीतच नव्हतं.

शिंदे वहिनी (समिती): यादी मी केली. यूट्यूबवर चांगलं चित्र कशाचं मिळतंय ते बघून केली. पडद्यावर मुंग्या दाखवायच्या का? पुढच्या वर्षी समितीत या सगळ्यांनी. मागच्या होळीला रंगाचे पैसे गोळा करताना कोण कोण आलं होतं ते माझ्या लक्षात आहे.

पूजा (सी-३०१): वहिनी, तुमच्यावर कुणी काही म्हणत नाहीये.

शिंदे वहिनी (समिती): नाही, वाचतेय मी सगळं.

सेक्रेटरी: निर्णय देतो. १) बोर्डावरचा मथळा बदलून ‘पोलमध्ये मिळालेली मतं’ एवढंच लिहायचं. २) शुक्रवारपर्यंत कुणीही एक नाव सुचवावं, चित्र कुठून आणणार तेही त्यानंच सांगावं. ३) रविवारी क्लब हाउसमध्ये चिठ्ठ्या. एक फ्लॅट, एक चिठ्ठी, एक नाव. ज्यांना खाली येता येत नाही त्यांची चिठ्ठी वॉचमन दारातून घेईल.

रोहित (सी-१०४): आमच्या पाच जणांचं एकच? घरात मारामारी होईल.

माने (बी-२०१): भाडेकरूची चिठ्ठी मालकाची की त्याची?

सेक्रेटरी: जो राहतो त्याची.

कदम (सी-२०२): आणि बंद फ्लॅट?

सेक्रेटरी: बंद फ्लॅट टीव्ही बघत नाही.

शिंदे वहिनी (समिती): पेटीला आइस्क्रीमचा रिकामा डबा देते. मोजणी मात्र माझ्याकडे नको.

देसाई सर (ए-३०२): मी मोजतो.

रोहित (सी-१०४): सर तुम्ही मालगुडीवाले. शेजारी आजी बसेल.