गरिबीचं मूळ पाळण्यात की कामात?

नाना वाईकर: आमच्या शिवारात ऊसतोड टोळीची पालं पडलीत. एका पालात पाच पोरं, थोरली धाकट्याला काखोटीला मारून चूल फुंकत होती. राग मानू नका, पण एवढी पोरं नसती तर ही माणसं अशी वणवण फिरली असती का?

गेवराईचा: फिरली असती, नाना. आम्ही दोघंच भावंडं, तरी आई-वडील चौदा हंगाम कारखान्याला गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घ्यायची. ती दवाखान्यात नाहीतर लग्नात जायची. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब, आणि दरवेळी अंगावर बाकीच. पुन्हा दिवाळीला तोच मुकादम दारात.

आकडेमोड्या: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१: महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं. ऊसतोड मजुरांचं बीड काही महाराष्ट्राबाहेर नाही.

नाना वाईकर: आणि बांगलादेश? तिथं सातावरून दोनाच्या आसपास आले, मगच चार पैसे दिसले ना?

आकडेमोड्या: घट सुरू झाली तेव्हा देश कंगालच होता, हे तुमच्या बाजूचं, मान्य. पण ती आपोआप नाही झाली. कुटुंब नियोजनाच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या, मुलींना हायस्कुलात टिकायला पैसे दिले, मग कपड्यांच्या कारखान्यांत बायकांच्या हाती पगार आला.

मस्टर: रोजगार हमी विसरू नका. ७२च्या दुष्काळात खडी फोडून माणसं जगली, १९७७ला कायदा झाला, शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून पैसा आला. काम दिलं तर गरिबी हटते.

गेवराईचा: जगवलं, खरंय. पण लेकीच्या लग्नाला एकरकमी पैसे रोजगार हमी देत नाही, मुकादम देतो. आमच्याकडे काम नाही म्हणून गरिबी नाही हो, काम असून आहे. आणि नाना, मुलांचं म्हणाल तर २०१९ला सरकारी समितीनं बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळी आली तरी खाडा करता येत नाही, खाड्याला दंड. त्यांना आता मूल होणार नाही. कोयता सुटला का?

नाना वाईकर: काल त्या थोरलीला शाळेचं विचारलं. म्हणाली, गावाकडं चौथीत नाव आहे.