टोरी, व्हिग आणि आपला 'हुजूर पक्ष'

प्रश्न : सतराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'टोरी'साठी वर्तमानपत्री 'हुजूर पक्ष' चालेल का? आणि व्हिगांचं काय करू? 'उदारमतवादी' म्हटलं तर पुढच्या लिबरलांशी घोळ होतो.

प्रतिसाद : 'हुजूर' टाळा. ब्रिटनच्या आजच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना तो ठीक, 'मजूर'शी (म्हणजे लेबर पक्षाशी) यमकही जुळतं. पण १६७९-८१ च्या टोरींना लावलात तर शब्दातली शिवीच गेली. टोरी म्हणजे आयर्लंडमधले जमिनी गेलेले, लूटमारीवर जगणारे कॅथलिक बंडखोर. व्हिग हे स्कॉटलंडच्या कडव्या प्रेस्बिटेरियन प्रोटेस्टंटांचं हिणवायचं नाव. १६४८ मध्ये ते एडिंबरोवर चालून गेले होते. राजा दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ जेम्स कॅथलिक, त्याला गादी द्यायची का, यावरून पार्लमेंट दुभंगली (द्या म्हणणारे टोरी, नको म्हणणारे व्हिग) तेव्हा दोन्हीकडून या शिव्या हासडल्या गेल्या आणि चिकटल्या त्या चिकटल्याच. मूळ शब्द ठेवा, पहिल्या उल्लेखाला एका ओळीत अर्थ द्या. 'राजनिष्ठ' असा अर्थ मात्र देऊ नका. १६८८ मध्ये राजा झालेल्या त्याच जेम्सविरुद्ध हॉलंडहून त्याच्या जावयाला, विल्यमला बोलावणाऱ्या सात जणांत डॅन्बीसारखा टोरी होता!

दुसरा प्रतिसाद : सहमत. 'पक्ष'ही जपून. ना सभासद, ना जाहीरनामा. १६८१ मध्ये पार्लमेंट ऑक्सफर्डला भरली तेव्हा व्हिगांची माणसं 'पोपशाही नको, गुलामी नको' अशी अक्षरं विणलेल्या फिती टोपीला लावून आली. चार्ल्सने आठवड्यात पार्लमेंट मोडली आणि मंडळी पांगली. याला 'तट' म्हणावं.

प्रश्नकर्ती : राणी ॲनच्या काळातही (१७०२-१४) तटच?

पहिलाच : नाही, तिथे बिनदिक्कत 'पक्ष'. १६९४ च्या कायद्याने दर तीन वर्षांच्या आत निवडणूक आली, आणि १६९५ ते १७१५ मध्ये सार्वत्रिक निवडणुका झाल्या तब्बल १०. कॉफीहाऊससुद्धा वाटून घेतलेली. १७१२ उजाडतानाच टोरींनी उमरावांच्या सभागृहात बहुमतासाठी ॲनकडून एका दमात १२ उमराव करवून घेतले, आणि त्याच महिन्यात व्हिग नेता वॉलपोलला लाचखोरीच्या आरोपावरून लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे कैदेत डांबलं. व्हिगांनी १७१६ मध्ये पार्लमेंटची मुदत सात वर्षांवर नेली ती काही उगाच नव्हे. या सगळ्याला 'पक्षाभिनिवेश' फार सभ्य वाटतो. मी 'पक्षवेड' लिहीन.

दुसरा प्रतिसाद : 'पक्षवेड' झकास. आणि 'टोरींनी' लिहा, 'टोऱ्यांनी' नको. 'व्हिगांनी' चालतं.