मदत हवी आहे : पोटुशीपणात साखर वाढली आहे आणि घरात प्रेमाने पुढे येणाऱ्या ताटाला नको म्हणता येत नाही

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं पहिलंच बाळंतपण. सव्विसावा आठवडा चालू आहे, म्हणजे सहावा महिना संपत आला. आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आजेसासू. सासरचं मूळ गाव माण तालुक्यातलं, माझं माहेर तासगावकडचं. माणसं सगळी जिवाला जीव देणारी आहेत, हे आधीच सांगते. कुणाची तक्रार करायला मी हा धागा काढलेला नाही.

मागच्या आठवड्यात साखरेची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, ती. १४० च्या आत हवी होती, माझी १५२ आली. हिमोग्लोबिनही ९.८, ते निदान ११ तरी असायला हवं. डॉक्टरबाईंनी घाबरू नको म्हणून सांगितलं. या काळात वारेतून जी संप्रेरकं निघतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचं, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाचं, काम नीट होत नाही, त्यामुळे ज्यांना आधी कधी साखर नव्हती त्यांचीही वाढते. पण आईच्या रक्तातली जादा साखर बाळापर्यंत जाते, बाळ नको इतकं मोठं होतं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम उतरू शकते. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. दोन आठवडे फक्त खाण्यावर सांभाळायचं, मग जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त तपासायचं. १२० च्या आत आली नाही तर औषध किंवा इन्सुलिन.

खाणं तसं अवघड नाही. ज्वारीची भाकरी, मटकी नाहीतर घेवड्याची उसळ, अंडं, पालेभाजी, ताक. फळ एका वेळी एकच, रस करून नाही. तीनदा जेवण आणि मध्ये थोडं थोडं. गूळ, साखर, पेढे, लाडू बंद. लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन, आणि कॅल्शियम त्यांच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी, नाहीतर लोह अंगी लागत नाही. जेवणाबरोबर चहा नको, तेही त्याच कारणासाठी.

हे सगळं मी पाळायला तयार आहे. पण ताट माझ्या हातात नाही.

सल्ले तर तुम्हाला माहीतच असतील. पपई नको, अननस नको, बाजरी उष्ण, तीळ उष्ण, शेवगासुद्धा उष्ण. पेरू खाल्ला की बाळाला सर्दी. केशराचं दूध रोज घे म्हणजे बाळ गोरं होईल. लोहाच्या गोळ्या घेऊ नको, बाळ काळं होतं. शेजारच्या काकूंच्या मते कॅल्शियमनं बाळाची हाडं कडक होतात आणि मग सिझर करावं लागतं. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीने काळी होते ती आपली शी, एवढं मी दोन-तीनदा शांतपणे सांगून पाहिलं. "आम्हाला काय पोरं झाली नाहीत का?" यापुढे बोलणंच खुंटतं.

तरी नुसते सल्ले असते तर मी ऐकून सोडून दिले असते. इथे सल्ला वाटीत घालून येतो. बातमी कळल्यापासून येणारा प्रत्येक पाहुणा पाव किलो कंदी पेढे घेऊन येतो, आणि डबा कपाटात ठेवून चालत नाही, त्यांच्यासमोर एक तोंडात घालावाच लागतो. सासूबाईंनी तूप घालून शिरा केला की त्या माझ्यासमोर बसून राहतात. नवरा म्हणतो, "एक घास खा, त्यांना बरं वाटेल." दिवसाचे असे सात-आठ घास होतात.

परवा एका नात्यातल्या बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढी शिकलेली पोर, आणि लेकराच्या तोंडचं काढून घेते." मी आत जाऊन रडले. त्या दिवशी रात्री दोन लाडू खाल्ले. मला खायचे नव्हते, पण खाल्ले. ते अजून डाचतं आहे.

आता आजींबद्दल लिहिते, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

आजी दिवसातून दहा वेळा विचारतात, काय खाल्लंस. स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवतात. "दोन जिवाची हाईस, दोघांचं खा." मी एकदा जरा चिडूनच म्हटलं, आजी, दोघांचं म्हणजे दुप्पट नसतं हो. (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध.) आजी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा शेजारी येऊन बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या.

"तुझा सासरा पोटात व्हता तवा बहात्तरचा दुष्काळ. मी खडी फोडायला जायचे. तिथं सुकडी मिळायची. ती पदरात बांधून घरी आणायचे, थोरल्या दोघांना. आपण मिलोची भाकरी पाण्यात कुस्करून खायची. तुझा सासरा झाला तवा एवढासा व्हता, मांजराच्या पिलावाणी. समदी म्हणत, ह्ये काय जगत न्हाई."

(सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी.) १९७२ च्या दुष्काळाबद्दल शाळेत वाचलं होतं. माण-खटावात तो काय होता हे त्या एवढ्याशा हाताच्या मापावरून कळलं. आजी माझ्या ताटात जी भाकरी ठेवतात ती माझ्यासाठी नसतेच बहुतेक. मग त्यांना मी नको कसं म्हणू? पण नाही म्हटलं तर माझ्या बाळाचं काय?

त्यातच तीन आठवड्यांनी डोहाळजेवण ठरलं आहे. साठ-सत्तर बायका, प्रत्येकीच्या हातून गोडाचा घास. शिवाय झाकलेल्या वाट्यांतून पेढा का बर्फी निघते ते बघायचं आणि निघेल ते खायचं.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर नेमकं काय बोललात ते सांगा. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. कुणाचं मन न मोडता ताट परत कसं करायचं, एवढंच हवं आहे.

प्रतिसाद :

ताई, मी कराडची. मलाही सातव्यात साखर निघाली होती. एक करा, पुढच्या तपासणीला आजींना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून "आजी, हिला तुम्हीच सांभाळायचं आहे" म्हणणं वेगळं. माझ्या सासूबाई त्या दिवसानंतर इतरांना अडवायला लागल्या.

डोहाळजेवणाचं म्हणाल तर घास भरवायला गोडच हवं असं कुठे आहे? आम्ही मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, ढोकळा आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले होते. फुलांचे दागिने, पाळणा, गाणी सगळं झालं, काही कमी वाटलं नाही. आधी घरातल्या एका मोठ्या बाईला विश्वासात घ्या, ऐनवेळी तुम्ही एकटीने नको म्हणू नका.

प्रतिसाद :

मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते, माणमध्येच. प्रत्येक गोष्टीवर भांडू नका, असं माझं मत. पिकलेली पपई बेताने खाल्ली तर अपाय नाही, चीक असतो तो कच्च्या पपईत. पण नऊ महिने पपई नाही खाल्ली तर बिघडतं काय? ती त्यांना जिंकू द्या. केशराच्या दोन काड्यांनी रंग बदलत नाही आणि बाळाला त्रासही होत नाही, दुधात साखर तेवढी घालू देऊ नका. अडून बसायचं ते दोनच ठिकाणी, गोड आणि गोळी. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, बिनसाखरेच्या. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी भरतं, आणि बाळंत होताना रक्तस्राव झाला की त्याची किंमत कळते. मी हे पाहिलेलं आहे म्हणून कळकळीने सांगते.

आजींना एखादं काम द्या. नुसतं नको म्हटलं तर त्यांचे हात रिकामे राहतात.

धागाकर्ती :

उशिरा लिहिते आहे, माफ करा. सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं.

आजींना घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी त्यांना सोनोग्राफीवरचं वजन समजावून सांगितलं, बाळ बारीक नाही, उपाशी नाही. आजींनी तीनदा विचारलं, "नक्की?" बाहेर आल्यावर रिक्षात माझा हात धरून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

आता गोळ्यांचा डबा त्यांच्या ताब्यात आहे. लिंबू पिळून पाणी त्याच आणतात. जेवणानंतर मला अंगणात फिरवतात आणि स्वतःही फिरतात. पेढे घेऊन आलेल्या पाहुण्यांना परवा त्यांनीच सांगितलं, "तिच्या रक्तात साखर वाढलीया, शेंगा आणत जावा." ते मी सांगितलं असतं तर महिनाभर चर्चा झाली असती. दुसऱ्या तपासणीत जेवणानंतरची साखर ११४ आली. औषध सध्या नाही.

सासूबाई मात्र दुखावल्या आहेत. तपासणीला त्यांना न नेता आजींना नेलं, हे त्यांना लागलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी दोघींना नेणार. डोहाळजेवणाला मूग आणि ढोकळा ठरला आहे. पेढा-बर्फी राहणार, पण निघेल ती वस्तू मी कपाळाला लावून आजींच्या हातात देणार, असं त्यांनीच सुचवलं.

आता पुढचं विचारते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची आहे, तोपर्यंत जपायला सांगितलं आहे. आणि माझ्या आईने तासगावहून फोनवर सांगितलं की डिंक, अळीव, खारीक सगळं आणून ठेवलंय, बाळंतविड्याची तयारी सुरू आहे. आईला नको म्हणायचं मला धैर्य नाही, पण नुसतं तेवढंच नाही. तिने केलेलं काहीतरी मला खायचंच आहे. अळिवाची खीर गूळ न घालता कुणी केली असेल तर चव कशी लागते आणि दुधाला अळीव किती घ्यायचे, ते कृपया लिहा. मी आईला तसंच्या तसं वाचून दाखवीन.