प्रतिसाद: नव्या माध्यमिक शाळेत रुळताना
महिना झाला तरी मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसते, असं तुम्ही लिहिलंय. मैत्रीच्या आधी अभ्यासातली फट तपासा. जुन्या आणि नव्या गणिताच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवा, राहून गेलेल्या धड्यांवर खूण करा. वर्गात काही कळेनासं झालं की मूल गप्प होतं, आणि इतरांना तो शिष्टपणा वाटतो (हे फार वेळा होतं). ती यादी वर्गशिक्षकांना दाखवा, बाकावरची जागा बदलून मिळते का तेही विचारा. आठवड्यातून दोनदा सराव असलेला एखादा खेळ निवडा. तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटायला हवेत. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार मात्र टाकू नका, ती त्याच संध्याकाळी मुलांपर्यंत पोचते.